साखळीवाल्याची पोर

"कुत्रा केवढा आहे?" हार्डवेअरवाल्याने विचारलं.

"मोठा आहे," मी म्हटलं.

"ओढतो का?"

"ओढतो. संधी मिळाली की पळतो."

"मग ही जाड कड्यांची घ्या. ही काही तुटायची नाही. आणि पट्टा चांगला घ्या, नाहीतर घासून जखम होते त्याला."

"पट्टा नको," म्हटलं, "एक छोटं कुलूप द्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी साखळी पिशवीत टाकली आणि निघाले. कुत्र्याला कुलूप कोण लावतं, असं त्याच्या मनात आलं असेल. येऊ दे.

मी हेमांगी. तोंडाने फटकळ म्हणून सासरच्यांनी परत पाठवली, असं माझी सासू सगळ्यांना सांगते. फटकळ आहे ते खरं, पण पाठवली नाही कोणी, मीच निघून आले. तेव्हापासून बाबाजवळ आहे. बाबाला मी साखळीने बांधत होते हे आता सगळ्या आळीला माहीत आहे, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलं नाही. पण लोक अर्धवट सांगतात, म्हणून सगळं मीच सांगते.

बाबाचं नाव शत्रुघ्न, पण गावात त्याला साखळीवालाच म्हणायचे. आमचं गाव वसईच्या खाडीकाठचं. शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. भरतीला खाडीचं खारं पाणी भातात घुसू नये म्हणून दाराची जाड फळी खाली टाकायची, ओहोटी लागली की शेतातलं पाणी जायला ती वर ओढायची. फळी लटकायची लोखंडी साखळीला, आणि ती साखळी बाबाच्या हातात. सगळ्या गावचं भात त्या एका माणसाच्या हातावर. त्याचे तळवे असे झाले होते की लहानपणी तो गालावरून हात फिरवायचा तर मी ओरडायचे, बाबा टोचतंय.

भरती रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा येते. म्हणून बाबाचं घड्याळावर कधी भागलंच नाही, तो तिथी बघायचा. आई ताट वाढायची, हा बोटांच्या पेरांवर मोजायचा आणि घास टाकून उठायचा. आई म्हणायची, "जा, सवत बोलावते माझी." तो हसत निघून जायचा.

आता शेतं कुठायत? भराव पडला, बिल्डिंगी उठल्या, आमच्या भाताच्या जागी लोकांच्या गाड्या उभ्या असतात. रस्ता वर गेला आणि आमची जुनी घरं खड्ड्यात राहिली. उघाडीची फळी कधीच कुजून गेली, गंजकी साखळी तेवढी लोंबते. खाडी मात्र अजून वेळेवर येते. बाबाही वेळेवर उठायचा.

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. वाढत गेला. आई गेली हे विसरला, आत्ता जेवलो हे विसरला, मला कधी हेमा म्हणायचा, कधी आईच्या नावाने हाक मारायचा, कधी नुसताच बघत बसायचा. भरती तेवढी विसरला नाही मेला! पाणी चढायची वेळ झाली की त्याला काहीतरी व्हायचं. खाटेवरून उठायचा, लुंगी खोचायचा, "पानी आयलं, फली टाकाला पायजे," म्हणत दाराकडे. कडी लावली, ती काढली. वरची कडी लावली, स्टुलावर चढून काढली. मी मध्ये उभी राहिले तर मला ढकलून गेला. त्या वयात केवढी ताकद!

एकदा कोळंबी धरणाऱ्या एका माणसाने त्याला उचलून आणला. उघाडीखाली छातीभर पाण्यात उभा राहून ती गंजकी साखळी ओढत होता म्हणे, जोर लावून, फळी खाली येईना म्हणून शिव्या देत. "आणखी जरा उशीर झाला असता ना बाय," तो माणूस म्हणाला, आणि बाबाला खाटेवर बसवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानात गेले.

भाऊ आहे मला. प्रल्हाद. विरारला फ्लॅट आहे त्याचा, सातव्या मजल्यावर. एकदा घेऊन गेला बाबाला आणि आठवड्याच्या आतच आणून सोडलं. बाबा सारखा लिफ्टचं दार वाजवतो म्हणे, सोसायटीवाले तक्रार करतात. "ताई, आश्रमात ठेवू ना कुठेतरी," म्हणाला. मी म्हटलं, "तू जा आधी आश्रमात, कसा असतो बघून ये, मग ठरवू." तेव्हापासून फोनच करतो फक्त.

आईचं जुनं सुती लुगडं फाडलं, पट्टी काढली, बाबाच्या घोट्याला गुंडाळली. त्यावरून साखळी, त्यावर कुलूप. दुसरं टोक लोखंडी खाटेच्या पायाला वेढा घालून कडीत अडकवलं. खाट आजोबांच्या वेळची, मला तर जागची हलत नाही. साखळी एवढीच घेतली होती की त्याला खाटेपासून मोरीपर्यंत जाता यावं. त्याच्या पुढे नाही.

बाबा शांतपणे बघत होता. म्हणाला, "ही कशाला?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

"मंग सांगायचं ना. जाऊ नको म्हनलीस तं नाय जात."

"रोज घसा फोडून सांगते, ऐकतोस कुठे?"

तो साखळीची कडी अन् कडी बोटांनी चाचपत बसला. चांगली आहे का बघत असावा. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून रोज तिथी बघायची, भरतीच्या आधी बांधायचा, पाणी ओसरलं की सोडायचा. साखळीवाल्याची पोर ना मी, भरतीचा हिशोब मला कोणी शिकवायला नको. आणि खरं सांगते, बांधल्यावर तो कधीच ओढाओढ करायचा नाही. मला वाटायचं, चला, साखळीपुढे तरी ताकद चालत नाही त्याची.

कामाला बाहेर जाणं शक्यच नव्हतं. चिरागभाईचा सातिवलीला गाळा आहे, इमिटेशन ज्वेलरीचा. तिथून कड्यांची पाकिटं यायची. बारीक पकडीने एकात एक कडी अडकवत मी घरबसल्या चेन जोडायची. मग तिकडे त्यांना सोन्याचं पाणी चढायचं, आणि हूक लावायला त्या पुन्हा माझ्याकडे यायच्या. बाबा समोर खाटेवर. कधी कधी तयार चेन हातात घ्यायचा, तोलून बघायचा आणि म्हणायचा, "ही कवल्या फलीची? ही तुटंल." मी म्हणायचे, "ही बायकांच्या गळ्यातली आहे बाबा, हिला फळी नसते." तो मान हलवायचा, पण पटायचं नाही त्याला.

लोकांना कळू द्यायचं नव्हतं. शेजारच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर आशालता काकू राहतात. रत्नागिरीकडच्या, शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. माझ्यावर जीव आहे त्यांचा, पण नजर अशी की डब्यातलं लोणचं झाकणावरून ओळखतील. खिडकीतून हाक मारायच्या, "हेमांगी, काका दिसले नाहीत गं बरेच दिवस? येऊ का भेटायला?" एकदा तोंडातून निघून गेलं, "प्रल्हाद घेऊन गेलाय त्यांना, विरारला." एकदा खोटं बोललं की तेच पुढे चालवावं लागतं. मी खिडकी लावून घ्यायला लागले. बाबाशी हळू आवाजात बोलायला लागले. मी आणि हळू आवाज!

मग पिठोरी अमावस्या आली.

दोन दिवस पाऊस हटत नव्हता. सकाळी चिरागभाईचा फोन. "हेमांगीबेन, टेंपो नाही येणार आज, पाणी भरलंय. तुम्हीच घेऊन या माल. गणपतीची ऑर्डर आहे, आज नाही आला तर मला दुसरी बाई बघावी लागेल." मी म्हटलं, "बघा की दुसरी बाई, तिच्या बोटांना काय सोनं लागलंय?" तो म्हणाला, "बघतो मग." आणि मी मुकाट्याने म्हटलं, "आणते." दुसरं काम नव्हतं मला. घर सोडून जाता येत नाही अशा बाईला दुसरं काम देतो कोण?

अमावस्या, म्हणजे भरती दुपारी बाराच्या सुमाराला, आणि तीही उधाणाची. हिशोब मी बरोबर केला. उधाण आहे, बाबा आज जास्तच उसळणार, म्हणून नेहमीपेक्षा लवकर बांधला. अगं बये, जे उधाण बाबाला ओढून नेणार ते घरात नाही का येणार, आणि वरून दोन दिवसांचा पाऊस? एवढं डोक्यात येऊ नये माझ्या? बाबाला पाण्यापासून लांब ठेवायचं, एवढाच विचार करून करून माझ्या डोक्याला तेवढंच दिसत होतं.

बाबाच्या आलं डोक्यात. कुलूप लावताना त्याने माझं मनगट धरलं. "हेमा, आज फली टाकाय पायजे. आज मोठं हाये. घरात येल पानी."

नाव घेतलं त्याने माझं. त्या दिवशी भानावर होता तो.

"येऊ दे आलं तर," मी म्हटलं, "पोहू दोघं."

"तुला पोवता कुठं येतं?"

"बरं, नाही येत. आता ऐक. मी सातिवलीला जाऊन येते. मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. कळलं? काही झालं तरी उठायचं नाही."

"नाय उठत."

तयार माल पिशवीत भरला. हूक लावायच्या राहिलेल्या चेनी खाटेजवळच्या टोपलीत ठेवल्या, बाहेरून दाराला कुलूप घातलं आणि निघाले.

चिरागभाईने बसवून ठेवलं. एकेक चेन उजेडात धरून बघत होता. मी म्हटलं, "भाई, बायको पसंत करायला बसलायत का? लवकर करा." तो हसला आणि चहा मागवला. मी चहा सोडून उठले. बाहेर येऊन बघते तर रस्त्याचा नाला झालेला. रिक्षा एक थांबेना. आणि फोन वाजला. आशालता काकू.

"हेमांगी, कुठे आहेस? तुमच्या आळीत पाणी शिरलंय. सगळ्यांना वर आमच्या बिल्डिंगीत घेतलंय आम्ही, काळजी करू नको. बरं झालं बाई, काका विरारला आहेत."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. माझ्या!

"हॅलो? हेमांगी?"

"काकू, बाबा घरात आहे."

"अगं पण तू तर..."

"खोटं बोलले मी. घरात आहे तो. बाहेरून कुलूप आहे."

"मग फोडायला सांगते कुलूप आमच्या सुमेधला, थांब."

"फोडा. पण तो बाहेर नाही येणार." रस्त्यात उभी राहून मी ओरडत होते, लोक वळून बघत होते. "साखळीने बांधलाय मी त्याला, काकू. पायाला साखळी आहे आणि किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

मग काकू एवढंच म्हणाल्या, "ये तू. मी सुमेधला पाठवते." आणि फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

कशी आले ते विचारू नका. थोडी धावत, थोडी एका ट्रॅक्टरवाल्याच्या मागे उभी राहून, पुढे गुडघाभर पाण्यातून चालत. चप्पल कधी गेली कळलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, साखळी केवढी आहे. खाटेवर उभा राहील एवढी आहे. हो, उभा राहू शकतो. पण स्वयंपाकाच्या ओट्यावर चढता येईल एवढी नाही. हातभर कमी पडते. त्या दुकानात मीच म्हटलं होतं ना, एवढी लांब नको, कापा इथून. कापा इथून म्हटलं होतं मी! पिठोरीला आया पोरांसाठी उपास करतात. माझी आईही करायची आमच्यासाठी. आणि मी त्याच दिवशी बापाला पाण्यात बांधून आले होते. रस्ताभर मी देवाला शिव्या दिल्या आणि त्याच तोंडाने नवस बोलले.

आळीच्या तोंडाशी पोचले तर पाणी कमरेला. बाजूचा नाला आणि रस्ता एकच झालेले, कुठे पाय टाकावा कळत नव्हतं, आणि पाण्याला ओढ अशी की उभं राहू देईना. बिल्डिंगीच्या फाटकाला धरून सुमेध उभा होता, आशालता काकूंचा मुलगा, बँकेत आहे. नखशिखांत भिजलेला, कोपर सोलवटलेलं. एकदा जायला बघितलं होतं त्याने, पाण्याने पाय उडवले, जेमतेम कठडा हाती लागला.

"ताई, एकट्याने नाही जमणार. साखळी करू," तो म्हणाला, आणि मागे वळून हाका मारायला लागला. वॉचमन आला, वरच्या मजल्यांवरची माणसं आली, दोन बायका आल्या पदर खोचून. काकूही आल्या, त्या वयात. फाटकापासून एकाने दुसऱ्याचं मनगट धरलं, असं करत करत ते लोक पाण्यात उतरले. यांतल्या अर्ध्या माणसांशी मी पार्किंगवरून भांडलेली होते. आमच्या शेतावर येऊन बसले म्हणून तोंडावर बोललेली होते. एकानेही तेव्हा काही म्हटलं नाही.

"किल्ली द्या, मी जातो पुढे," सुमेध म्हणाला.

"तुला हात लावू देणार नाही तो. मी जाते. तू मला धर."

दाराचं कुलूप पाण्याखाली होतं. चाचपून उघडलं, खांद्याने दार रेटलं, आतल्या पाण्याने ते परत ढकललं. सुमेधने मागून जोर लावला तेव्हा फट पडली आणि मी आत गेले.

आत काळोखच होता. पाणी माझ्या कमरेपर्यंत. गादी तरंगत होती. खाट दिसतच नव्हती. आणि खाटेवर बाबा उभा नव्हता.

मी खाली वाकले, तोंड पाण्यात गेलं, हाताने खाटेचा पाय शोधला. हा नाही, तो. पाय सापडला. साखळी नव्हती. दुसरा पाय, तिसरा पाय, तिथेही नाही. मी खाटेखाली हात फिरवत होते. हाताला काय लागेल या भीतीने डोळे मिटले होते. काय ओरडले मला आठवत नाही. सुमेध सांगतो, नुसतं बाबा बाबा चाललं होतं.

"कोन हाये?"

आवाज वरून आला. ओट्यावरून.

बाबा ओट्यावर मांडी घालून बसला होता, गॅसच्या शेगडीशेजारी. मांडीखालून साखळी पाण्यात लोंबत होती, घोट्याला कुलूप तसंच. आणि गळ्यात माझ्या सगळ्या चेनी. टोपलीतली एकही सोडली नव्हती, सगळ्या गळ्यात घातलेल्या, हाराच्या वर हार घातलेल्या नवऱ्या मुलासारखा.

"कशी काढलीस?" मी किंचाळले. "साखळी कशी काढलीस तू?"

"ही?" त्याला नवल वाटलं. "ही तं कवां पन निघते. खाटेचा पाय उचलला का निघते."

कवां पन. पहिल्या दिवसापासून तो कधीही जाऊ शकत होता. मी बांधायची आणि तो बसून राहायचा, एवढंच होतं ते. बाकी त्या साखळीत काहीच नव्हतं.

पण तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता? "चल उतर. चल, पाणी चढतंय," मी हात धरला. त्याने झटकला.

"तू कोन?"

"मी हेमा, बाबा."

"हेमा बारकी हाय," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने असं बघितलं, दारावर काही विकायला आलेल्या बाईकडे बघतात तसं. "माझी पोर सांगून गेलीय, हालायचं नाय. ती येल आता. हे तिचं काम हाये, भिजंल म्हनून घातलंय." गळ्यातल्या चेनींवर हात ठेवला.

"अरे मीच ती! मीच सांगून गेले!"

"ती आली आनि मी नाय दिसलो, तं ती उघाडीवर बघाया जाईल मला. तिथं आज पानी हाये." मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "तिला पोवता नाय येत."

मी सगळं केलं. हात जोडले, शिव्या घातल्या, तोंडावर पाणी मारलं. सुमेध आत आला, त्याने बाबाला उचलायला बघितलं तर बाबाने खिडकीचे गज धरले आणि त्याच्या खांद्याला चावला. "नाय येनार! पोर येल माझी!" सुमेध कळवळत म्हणाला, "ताई, बाहेर सगळे पाण्यात उभे आहेत, फार वेळ नाही टिकणार." पाणी ओट्याच्या कडेला लागलं होतं. मी बाबाचा पाय धरून ओढायला गेले आणि हाताला साखळी लागली.

मी ओढली नाही. नुसती हातात घेतली, थोडी ताण दिली, एवढंच.

बाबाने गज सोडले. साखळीकडे बघितलं, माझ्या मुठीकडे बघितलं. "ही तिची हाये," म्हणाला. आणि ओट्यावरून खाली उतरला, पाण्यात, गुपचूप. मी दाराकडे चालू लागले तसा माझ्या मागून यायला लागला. थांबले की थांबायचा.

एका हाताने सुमेधचं मनगट, दुसऱ्या हातात बापाच्या पायाची साखळी, अशी मी दाराबाहेर आले. सगळे बघत होते. वॉचमन बघत होता, त्या दोन बायका बघत होत्या, वरच्या खिडक्यांतून आमची आळी बघत होती. कुत्र्याची साखळी, तिच्यामागे गळाभर सोनेरी चेनी घातलेला म्हातारा, आणि पुढे मी. एका गॅलरीतून कोणीतरी मोबाइल धरला होता. काकू पाण्यातूनच ओरडल्या, "ए! ठेव तो खाली आधी! लाज आहे का?" मला वाटलं मलाच म्हणाल्या. साखळी मी सोडली नाही. सोडली असती तर तो परत आत गेला असता.

काकूंनी घरी नेलं. बाबाला कोरडे कपडे घातले, सुमेधचा टी-शर्ट. गळ्यातल्या चेनी कोणाला काढू देईना. काकूंनी चहा ठेवला, त्याच्या समोर बिस्किटं ठेवली, आणि माझ्याकडे वळून काही बोलणार होत्या. बोलल्या नाहीत. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कोणाचं ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी घेतलं असतं.

घोट्याची पट्टी चिखलाने भरली होती आणि खाली सालटं निघाली होती. मी पर्समधून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले. "आण पाय," म्हटलं, "काढते."

बाबाने पाय पोटाशी ओढून घेतला.

"हात लावू नको."

"बाबा, किल्ली आहे माझ्याकडे. बघ ना, ही बघ."

"तुझ्याकडं कशी आयली? माझी पोर बांधून गेलीय, ती आली का तीच सोडंल." दोन्ही हातांनी त्याने कुलूप झाकून घेतलं आणि माझ्यावर डोळे वटारले. मग जरा मऊ आवाजात, काकूंना म्हणाला, "बाय, दार उघडं ठेवा. तिला घर नाय ठावं हे."

काकूंनी उठून दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावून. जिन्यात कोणाची पावलं वाजली की बाबा मान उंच करून बघायचा.

किल्ली मुठीत धरून मीही त्याच्या शेजारी बसले, त्याच्या पोरीची वाट बघत.